विकृतिशास्त्रज्ञ डॉ. खानोलकर

डॉक्टर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. रोग्याची नाडी पाहणारा, छातीला नळी लावून ठोके ऐकणारा, औषधाची चिठ्ठी लिहून देणारा आणि जाताना धीराचे दोन शब्द बोलणारा असा तो असतो. परंतु वैद्यकात आणखी एका प्रकारचे डॉक्टर असतात. रोग्याला ते बहुधा कधी दिसतच नाहीत. रोग्याच्या शरीरातून काढलेला मसुराच्या दाण्याएवढा एक तुकडा तेवढा त्यांच्या हाती येतो. तो तपासून ते जो निर्णय देतात, त्यावर पुढची शस्त्रक्रिया करावयाची की नाही, आणि केल्यास किती मोठी, हे ठरते. रोगामुळे शरीराच्या घडणीत कोणता बिघाड होतो याचा अभ्यास करणाऱ्या या शास्त्राला विकृतिशास्त्र असे म्हणतात. आपल्या देशात या शास्त्राचा पाया ज्यांनी घातला, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव प्रथम घ्यावे लागते.

त्यांच्या कार्याची ओळख करून घेण्यापूर्वी हे काम चालते कसे, ते पाहू. आपले शरीर अगणित सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. रोग म्हणजे या पेशींत घडणारा बिघाड, हा विचार रूडोल्फ फिर्खो या जर्मन शास्त्रज्ञाने १८५८ मध्ये ग्रंथरूपाने मांडला आणि वैद्यकाची दृष्टीच पालटली. आता पेशी पाहावयाची तर तुकडा अतिशय पातळ हवा, कारण त्यातून प्रकाश आरपार गेला पाहिजे. म्हणून तो प्रथम फॉर्मालिन नावाच्या द्रवात ठेवतात. त्यामुळे तो कुजत नाही. मग त्यातील पाणी काढून घेऊन तेथे वितळलेले मेण मुरवतात. मेण थिजले की तुकडा घट्ट होतो. त्यानंतर एका यंत्राच्या धारदार पात्याने त्याचे काप काढतात. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील चारपाच भागांइतकीच या कापाची जाडी असते. आपल्या डोक्याचा केसदेखील याहून दहापंधरा पटींनी जाड असतो! हा काप काचपट्टीवर पसरून रंगवतात. मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून मिळणारा रंग पेशींची केंद्रे जांभळट निळी करतो. दुसऱ्या एका रंगाने उरलेला भाग गुलाबी होतो. अशी पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की निरोगी पेशी एखाद्या शिस्तीच्या वर्गाप्रमाणे रांगेत बसलेल्या दिसतात. कर्करोगाच्या पेशी मात्र आकाराने वेड्यावाकड्या, केंद्रे फुगलेल्या आणि आपली हद्द ओलांडून शेजारी घुसलेल्या अशा आढळतात. हा फरक ओळखण्यास वर्षांचा सराव लागतो.

डॉ. खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम. डी. ही पदवी मिळविली. त्या काळी परदेशी पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरला मुंबईत दवाखाना थाटून भरपूर द्रव्य मिळविता आले असते. डॉ. खानोलकरांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. प्रथम ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. हे दुसरे महाविद्यालय व त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले होते. म्हणजे संस्थाही तरुण आणि प्राध्यापकही तरुणच. रोगग्रस्त अवयवांचे नमुने, काचपट्ट्या आणि शवचिकित्सेच्या नोंदी हीच विकृतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांची खरी पाठ्यपुस्तके होत. ती आयती मिळत नाहीत, प्रत्येक पिढीला जमवावी लागतात.

१९४१ च्या फेब्रुवारीत परळ येथेच टाटा स्मारक रुग्णालय उघडले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते. अशा रोग्यांना उपचारासाठी देशाबाहेर जाण्याची पाळी येऊ नये, या हेतूने टाटा विश्वस्तनिधीने हे रुग्णालय उभारले. तेथील प्रयोगशाळांचे व संशोधनाचे संचालक म्हणून डॉ. खानोलकरांची निवड झाली. येथून त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी कालखंड सुरू झाला.

त्या वेळी पुष्कळ विद्वानांची अशी समजूत होती, की कर्करोग हा युरोप-अमेरिकेतील सुधारलेल्या लोकांचा रोग असून हिंदुस्थानात तो क्वचितच आढळतो. विश्व नाथ व ग्रेवाल या दोन संशोधकांनी १९३५ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखांत या समजुतीला धक्का दिला होता. रोग दुर्मीळ नव्हता. तो ओळखला जात नव्हता, आणि ओळखण्याच्या वयापर्यंत पोचण्याआधीच कितीतरी माणसे साथींत दगावत होती. टाटा रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी येऊ लागले, तेव्हा डॉ. खानोलकरांपुढे या रोगाचा जणू एक नकाशाच उलगडला. आणि त्या नकाशात एक विलक्षण गोष्ट दिसून आली. इंग्लंडमधील ग्रंथांत ज्या अवयवांच्या कर्करोगाचे विस्तृत वर्णन असे, त्यांहून निराळ्याच अवयवांचे रोगी येथे अधिक येत. शिवाय एका प्रांतातील रोग्यांना एका ठिकाणी, तर दुसऱ्या प्रांतातील रोग्यांना दुसऱ्याच ठिकाणी रोग झालेला असे.

असे का व्हावे? काचपट्टीवर या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासारखे नव्हते. पेशी कोणत्या प्रांतातील माणसाची, हे पेशीकडे पाहून कळत नाही. त्यासाठी रोग्याकडेच जावे लागते. तो काय खातो, काय चघळतो, विडी कशी ओढतो, अंगावर काय नेसतो, काम कोणते करतो, हे त्याला विचारावे लागते. सूक्ष्मदर्शकाची विद्या आणि रोग्याच्या राहणीची चौकशी या दोहोंची सांगड डॉ. खानोलकरांनी घातली. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण यातच आहे.

१९४५ मध्ये त्यांनी बी. सूर्याबाई यांच्यासमवेत एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या रूढींशी संबंध असलेल्या, तोवर शास्त्रीय ग्रंथांत नोंद नसलेल्या कर्करोगाच्या तीन प्रकारांचे त्यात वर्णन होते. पहिला प्रकार धोतराचा. धोतर कमरेला करकचून आवळण्याची सवय असलेल्या माणसाच्या कमरेवर, वर्षानुवर्षे एकाच जागी घासून कातडीला घट्टा पडतो, रंग पालटतो, आणि क्वचित त्याच जागी कर्करोगाचा व्रण उठतो. दुसरा प्रकार आंध्र किनाऱ्यावरचा. तेथे चुट्टा नावाची जाड विडी ओढतात, आणि कित्येक जण, विशेषतः स्त्रिया, तिचे पेटलेले टोक तोंडाच्या आत धरतात. ऐकून नवल वाटते, पण ही रूढी तिकडे खरोखरच होती आणि अद्यापही पुरती गेलेली नाही. अशा लोकांना टाळूचा कर्करोग होत असे. इतरत्र हा रोग क्वचितच पाहावयास मिळे. तिसरा प्रकार बिहारकडील खैनीचा. चुन्यात मळलेली तंबाखू खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधील खाचेत धरून ठेवण्याची तिकडे पद्धत आहे, आणि नेमका त्या खाचेतच रोग उद्भवतो.

काश्मीरमधील एक उदाहरण याच्याही पूर्वीपासून ठाऊक होते. तेथील लोक थंडीत अंगरख्याच्या आत निखाऱ्यांची मडकी, म्हणजे कांगडी, पोटाशी धरतात. पोटाच्या व मांड्यांच्या भाजत राहिलेल्या कातडीवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन एल्मस्ली नावाच्या डॉक्टरने १८६६ मध्येच केले होते. त्रावणकोरातील विडा खाणाऱ्यांच्या तोंडच्या कर्करोगाविषयी ऑर यांनी १९३३ मध्ये लिहिले होते. या सुट्या सुट्या निरीक्षणांच्या मागे एकच सूत्र आहे, हे डॉ. खानोलकरांच्या कामामुळे स्पष्ट झाले. जेथे सवयीचा आघात, तेथे रोग. गालफडात तंबाखू धरणाऱ्याचा गाल, ओठात धरणाऱ्याचा ओठ, टाळूला चटका देणाऱ्याची टाळू.

आता या विचारातून केवढी आशा निर्माण होते पहा. रोग जर दैवाने किंवा रक्तातूनच येत असेल, तर माणूस हतबल आहे. परंतु तो सवयीने येत असेल, तर सवय टाकली की त्याची वाट बंद होते. धोतर सैल नेसले तरी ते धोतरच राहते. तंबाखूची गोष्ट मात्र एवढी सोपी नाही.

आपल्या महाराष्ट्रात तंबाखू किती रूपांनी घराघरांत शिरली आहे, हे तुम्हांला मी सांगावयास नको. शेतकऱ्याच्या कमरेला चंची असते. तीत तंबाखूची पाने, चुन्याची डबी, सुपारी सारे नांदते. बांधावर दोघे भेटले की आधी तळहातावर तंबाखू मळली जाते आणि मगच बोलण्यास आरंभ होतो. कित्येक घरांत बायका तंबाखू भाजून तिची मिश्री दातांना लावतात. आमच्या विदर्भात खर्रा नावाचा प्रकार आहे. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू व चुना घोटून केलेला हा पदार्थ पानटपरीवर पुडीत बांधून मिळतो. वाशिम जिल्ह्यातील शिरपूर जैन येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनासाठी दूरदूरचे यात्रेकरू येतात. आपल्या गावाचा त्या गावाला अभिमान असणे साहजिक आहे. पण तेथल्याच रस्त्यावर बारातेरा वर्षांच्या मुलाच्या खिशातून अशी पुडी डोकावताना दिसली, म्हणजे मन खिन्न होते.

“आमच्या आजोबांनी ऐंशी वर्षांपर्यंत तंबाखू खाल्ली, त्यांना कोठे काय झाले?” असा प्रश्न पुष्कळ वेळा विचारला जातो. प्रश्न गैर नाही. त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. नदीला पूर आला असता पात्रात उडी घेणारे सगळेच बुडतात असे नाही. काही पैलतीराला लागतातही. तेवढ्यावरून पूर निर्धोक ठरत नाही. एका आजोबांवरून असे निर्णय करता येत नाहीत. तंबाखू खाणारे अनेक लोक एका बाजूला आणि न खाणारे तितकेच लोक दुसऱ्या बाजूला घेऊन, दोहोंत रोगाचे प्रमाण किती, याची तुलना करावी लागते. अशा तुलना पुढे अनेक देशांत झाल्या आणि त्या सर्वांचा कौल एकच आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले, आणि पुढे तंबाखूवाचूनची सुपारीदेखील त्याच यादीत घातली. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकण्यास बंदी झाली. २०१२ मध्ये महाराष्ट्र सरकारने गुटख्यावर बंदी घातली. तरीही आज जगातील तोंडाच्या कर्करोगाच्या रोग्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतातच आढळतात.

हा रोग आरंभीच ओळखला तर बरा होऊ शकतो, हे लक्षात ठेवावे. तोंडात न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोनतीन आठवडे होऊनही भरून न येणारा व्रण, पूर्वीइतके तोंड न उघडता येणे, ही त्याची आधीची खूण असते. घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडात असे काही दिसल्यास, “आजोबा, एकदा सरकारी दवाखान्यात दाखवून येऊ,” एवढे तुम्ही अवश्य म्हणू शकता. नातवाचे म्हणणे डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा लवकर मानले जाते, असा अनुभव आहे.

डॉ. खानोलकरांनी मुंबईच्या निरनिराळ्या समाजांतील रोगाच्या प्रमाणाचीही तुलना केली. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आढळे. एकाच शहरात राहणाऱ्या, एकच हवा घेणाऱ्या लोकांत हा भेद का असावा, या प्रश्नामुळे त्यांचे लक्ष आनुवंशिकतेकडे वळले. ल. दे. संघवी यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतील सहा समाजगटांचे रक्तगट व इतर आनुवंशिक लक्षणे यांचा अभ्यास केला आणि तो १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. सवयीने सर्व काही उलगडते, असा हट्ट त्यांनी धरला नाही.

सवयी आणि कर्करोग यांचा संबंध त्याच काळात दूर नॉर्वेतही शोधला जात होता. लेइव्ह क्रेबर्ग हे ओस्लो येथील विकृतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. खानोलकरांहून एकाच वर्षाने लहान होते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या काचपट्ट्या तपासून त्यांनी पेशींवरून त्यांचे गट पाडले, आणि त्यांतील एका गटाचा धूम्रपानाशी निकटचा संबंध असल्याचे दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेने १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फुप्फुसाच्या गाठींच्या वर्गीकरणामागे त्यांचेच परिश्रम होते. एकाने मुंबईत तंबाखू चघळणाऱ्यांचा माग काढला, दुसऱ्याने ओस्लोत ती ओढणाऱ्यांचा.

नॉर्वेशी डॉ. खानोलकरांच्या कामाचा आणखी एक धागा जुळतो, तो कुष्ठरोगाचा. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर हा रोग फार होता. तो आईबापांकडून मुलांना वारशाने मिळतो, अशी तेथील नामांकित डॉक्टरांची खात्री होती. बर्गेन शहरातील गेरहार्ड हॅन्सन या तरुण डॉक्टरने १८७३ मध्ये रोग्यांच्या गाठींत काडीसारखे जंतू पाहिले आणि हा रोग जंतूंमुळे होतो असे प्रतिपादिले. या जंतूचा स्वभाव मोठा विचित्र आहे. बहुतेक रोगजंतू प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढविता येतात. हा मात्र अद्यापही तसा वाढविता आलेला नाही. त्यामुळे त्याचा अभ्यास फार कठीण होतो.

डॉ. खानोलकरांनी रोगाच्या आरंभीच्या अवस्थेकडे लक्ष दिले. कुष्ठरोग्याची बोटे झडलेली पाहून लोक घाबरतात. पण तोवर रोग येऊन कित्येक वर्षे लोटलेली असतात. त्यांनी लहानसा फिकट चट्टा उठलेल्या, एरवी धडधाकट दिसणाऱ्या माणसांच्या कातडीचे काप तपासले. जंतू कातडीतील अतिसूक्ष्म मज्जातंतूंत शिरतात आणि तेथून पुढे सरकतात, असे त्यांना आढळले. चट्ट्यावरची जाणीव का जाते, याचा उलगडा त्यातून होतो. बोटे झडतात तीही या बधिरपणामुळेच. भाजले, कापले तरी कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटे जातात. आज कुष्ठरोगावर गुणकारी औषधे आहेत व ती सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. पण ती लवकर सुरू झाली तरच हातपाय वाचतात. म्हणून आरंभीचा चट्टा ओळखणे इतके महत्त्वाचे.

१९५२ मध्ये परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि डॉ. खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. तेथे त्यांनी जी माणसे तयार केली, त्यांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव विशेष आहे. पुण्याच्या या विदुषीने डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली. त्या काळी प्रयोगशाळेत स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असत. पुढे त्यांनी अमेरिकेत बाल्टिमोर येथे शरीराबाहेर काचपात्रात पेशी जिवंत ठेवून वाढविण्याची कला आत्मसात केली आणि परत येऊन मुंबईत तशी प्रयोगशाळा उभारली. १९५८ मध्ये बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळविलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढविल्याचे प्रसिद्ध केले. तो कुष्ठरोगाचा खरा जंतू नसून त्याच्या कुळातील निराळा जंतू असावा, असे पुढे अनेकांचे मत पडले. तरी त्यापासून लस तयार करण्याचे प्रयत्न याच संस्थेत कित्येक वर्षे चालले. विज्ञानात एखादी वाट इच्छित गावी जात नाही, पण वाटेत काहीतरी हाती लागते, ते असे. डॉ. रणदिवे यांनी १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

हाच बहुमान डॉ. खानोलकरांना त्यापूर्वीच लाभला होता. विकृतिशास्त्रज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. अणुकिरणांच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या शास्त्रीय समितीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे संशोधन केंद्र १९६६ मध्ये टाटा रुग्णालयाशी एकत्र होऊन टाटा स्मारक केंद्र बनले. या शतकाच्या आरंभी त्याच्या प्रयोगशाळा नवी मुंबईत खारघर येथे विस्तीर्ण जागेत गेल्या. रोग्यांचे तुकडे अजूनही तसेच मेणात मुरविले जातात, काप निघतात, निळा व गुलाबी रंग चढतो, आणि त्याच्या शेजारी ठेवलेल्या कागदावर रोग्याचे वय व गाव यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न भरावयाचा असतो : तंबाखू किती वर्षे, आणि कोणत्या प्रकारे?